महाराष्ट्रातील वक्तृत्वसाधना आणि आपली ज्ञाती

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी ‘एखादा ऐतिहासिक विषय घेऊन चार शब्द लिहावेत’ अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षकाचा पेशा पत्करला आणि नवापूर व आसपासच्या गावांतील मुलांना मुळाक्षरे शिकविण्यात आयुष्य वेचले. तथापि ज्येष्ठांची आज्ञा मोडणे बरे नव्हे, म्हणून वक्तृत्व हा विषय निवडला आहे. हाच विषय का निवडला, याचे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल.

एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात शूर पुरुष शंभरांत एक, पंडित हजारांत एक आणि वक्ता दहा हजारांत एक जन्मतो, अशा आशयाचे वचन आहे. शाळेत असताना हे वचन आम्हांला पाठ करविले जाई. त्याचा परिणाम असा होई की, वर्गातील साठही मुले आपण त्या दहा हजारांतील उरलेल्यांपैकी आहोत, असे समजून खाली बसत. सुभाषितकारांचा पूर्ण आदर राखूनही मला नम्रपणे असे म्हणावेसे वाटते की, महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या वचनाची साक्ष देत नाही. वक्ते जन्मले त्यापेक्षा घडले अधिक. आणि ते घडावेत म्हणून आपल्या पूर्वजांनी बुद्धिपुरस्सर प्रयत्न केले.

इंग्रजी अमदानीतील सभा-व्याख्याने सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्राला बोलण्याचे शिक्षण दिले ते कीर्तनाने. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन सिद्धांताचे निरूपण करतात. उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानाच्या द्वारे डोळ्यांपुढे उभा करतात. आधी तत्त्व आणि मग दृष्टांत, ही रचना शेकडो वर्षांच्या अनुभवातून सिद्ध झालेली आहे. देवळातील समईच्या उजेडात बसलेला निरक्षर श्रोता दोन-दोन तास का जागा राहतो, याचे रहस्य त्या रचनेत आहे. आमच्या समुद्रकाठच्या गावांतही सप्ताहाचे कीर्तन ऐकत ऐकतच आम्ही मोठे झालो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या जुन्या परंपरेला नवे वळण लागले. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या तरुण विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला आणि दादोबा पांडुरंग यांच्या अध्यक्षतेखाली ज्ञानप्रसारक सभेचे काम सुरू झाले. निबंध वाचावा, त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, असा तेथील क्रम होता. देवळाबाहेर, देवाधर्माखेरीज अन्य विषयांवर, समोरच्याचे ऐकून मग आपले बोलणे, ही सवय मराठी माणसाला तेथे लागू लागली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत विष्णुबुवा ब्रह्मचारी पुढे आले. कुलाबा जिल्ह्यातील एका खेड्यात १८२५ साली जन्मलेल्या या पुरुषाने तरुणपणी जकात खात्यात साधी नोकरी केली होती. इंग्रजी शिक्षणाचा गंध त्यांना नव्हता. तरीही १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांनी काही महिने जाहीर वाद केला, आणि तो ऐकण्यास लोकांची गर्दी लोटे. पुढे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने तो ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. ज्यांना ‘आमचे शिक्षण कमी, आम्ही काय बोलणार?’ असे वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या नियमांत एक फार अर्थपूर्ण कलम होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावयाचे असे. म्हणजे जो बोलेल त्याच्या मागे पन्नास माणसे उभी असली पाहिजेत. वक्तृत्व हे स्वतःचे पांडित्य मिरविण्याचे साधन नसून दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेले काम आहे, हे तत्त्व या एका कलमात सामावलेले आहे.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा आणि वसंत व्याख्यानमाला यांचा उदय झाला. सभेचे नावच किती बोलके आहे! वक्तृत्वाला उत्तेजन देणारी सभा. वक्ता दहा हजारांत एकच जन्मतो, असे रानड्यांनी मानले असते तर अशी सभा काढण्याचे प्रयोजन काय होते? व्यासपीठ मिळाले, नियमितपणे मिळाले आणि समोर जाणता श्रोतृवर्ग असला म्हणजे वक्ते तयार होतात, हा त्यामागील विश्वास होता. दीडशे वर्षे झाली तरी वसंत व्याख्यानमालेची परंपरा टिकून आहे, ही त्या विश्वासाची पावतीच होय.

रानड्यांच्या हाताखाली तयार झालेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावे असे आहे. १९०२ मध्ये कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेले भाषण गाजले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडली म्हणजे प्रजा सुखी आहे असे नव्हे, दुष्काळाने गांजलेल्या रयतेवर गरजेपेक्षा अधिक कर आहे असा त्याचा अर्थ होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. त्यांच्या आवाजात गर्जना नव्हती. होती ती तयारी. आणि या तयारीत त्यांना आकडेवारीचे साहाय्य करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील मुख्याध्यापक होते! व्यासपीठावर एकच मनुष्य दिसतो. त्याच्या मागे रात्री दिव्याखाली आकडे जुळविणारा एखादा मास्तर असतो, हे आठवून आम्हां शिक्षकांस धन्यता वाटते.

परंतु केवळ आकड्यांनीही भागत नाही. महात्मा जोतीराव फुले १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या मेजवानीस शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि येथे जमलेली उंची पोशाखातील मंडळी म्हणजे खरा देश नव्हे, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी सुनावले. आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत, हे त्यांचा पोशाखच तोंड उघडण्यापूर्वी सांगून गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती लेखी निवेदनासह. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, कागद मागे राहतो, हे त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने पुरते ओळखले होते. आणि गाडगेबाबा? १९५६ साली देहावसान होईपर्यंत ते गावोगाव कीर्तने करीत राहिले. अक्षरज्ञान नसलेले बाबा कीर्तनात उपदेश थोडा आणि प्रश्न अधिक करीत. श्रोत्यांनाच विचारावे, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यावे, आणि त्या उत्तरात त्यांना बांधून टाकावे, ही त्यांची हातोटी होती. श्रोता स्वतःच्या तोंडाने जे बोलतो ते तो सहसा विसरत नाही.

आता माझ्या फजितीची एक हकीकत सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे किनाऱ्यावरील मासळी बिघडते, या गाऱ्हाण्यासंबंधी अधिकाऱ्यांसमोर एक बैठक होती. ‘गुरुजी शिकलेले आहेत, तेच बोलतील,’ असे गावाने ठरविले. मी चार रात्री जागून अकरा पानांचे भाषण लिहिले. आरंभ केला तो अपरांताच्या प्राचीन इतिहासापासून. तिसऱ्या पानावर पोर्तुगीज आले. पाचव्या पानावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि ‘मुद्द्याचे बोला,’ असे म्हणाले. मुद्दा नवव्या पानावर होता! पाने उलटता उलटता माझे हात कापू लागले, घशाला कोरड पडली आणि मी खाली बसलो.

तेवढ्यात मागच्या बाजूने मासळी विकणारी एक वृद्ध बाई उठली. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक मासा काढला आणि सरळ टेबलावर ठेवला. म्हणाली, “साहेब, ही आजची मासळी. वास घेऊन बघा, आणि सांगा, ही मी कोणाच्या घरी विकू?” सभा निःशब्द झाली. साहेबांनी लेखणी उचलून काहीतरी टिपून घेतले. परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, “गुरुजी, तुम्ही लय चांगलं बोललात. पण साहेबांनी काय लिहिलं नाही.”

त्या बाई आज हयात नाहीत. परंतु वक्तृत्वाविषयी मी जे काही शिकलो, ते त्यांच्या त्या एका वाक्याने. भाषण चांगले झाले की नाही, हे टाळ्यांवरून ठरत नाही. ज्याने लिहून घ्यावयाचे त्याने काय लिहून घेतले, यावरून ठरते. थोरांची चरित्रे त्यानंतर मी पुन्हा वाचली, तेव्हा त्यांतील खुणा मला प्रथमच दिसल्या. बाईचा प्रश्न हा गाडगेबाबांचा प्रश्न होता, आणि तिचा मासा हा फुल्यांचा शेतकरी वेष होता.

पुढे शाळेत मी मुलांकडून या रीतीने तयारी करून घेऊ लागलो. प्रथम मुलाने आपले म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे. ते सांगता येत नसेल तर भाषणास उभेच राहावयाचे नाही. मग त्या वाक्याला एक दृष्टांत आणि एक पडताळलेला आकडा जोडावयाचा. भाषण पाठ करावयाचे नाही. फक्त आरंभीचे आणि शेवटचे वाक्य पक्के करावयाचे, मधले मुद्दे बोटांवर मोजावयाचे. पाच मिनिटे मिळणार असतील तर चार मिनिटांचीच तयारी करावयाची. ग्रीस देशातील डेमॉस्थिनिस हा वक्ता आवाज कमावण्यासाठी समुद्राच्या लाटांपुढे भाषणे करी, अशी कथा सांगतात. समुद्र तर आमच्या उशालाच! शाळा सुटल्यावर मुलांना किनाऱ्यावर नेऊन वीस पावलांवर उभे करावे आणि लाटांच्या आवाजातून प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे, असा दंडक घालावा. ओरडून शब्द पोहोचत नाही, सावकाश आणि स्पष्ट उच्चारला तर पोहोचतो, हे मुले दोन दिवसांत आपोआप शिकत. वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुले तेथे मोकळी झालेली मी पाहिली आहेत.

हे सर्व आज ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचे कारण असे. आपला किनारा हा आता केवळ मासेमारीचा आणि वाडीचा मुलूख राहिलेला नाही. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, नवनवे प्रकल्प येत आहेत. कोणता प्रकल्प चांगला आणि कोणता वाईट, याचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे आणि ती माझी योग्यताही नव्हे. परंतु कायद्याने आपणांस बोलण्याची जागा दिलेली आहे, हे मात्र प्रत्येक घरी माहीत असावे. मोठ्या प्रकल्पांस पर्यावरणाची मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घेण्याची तरतूद १९९७ साली झाली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, उपस्थित प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी असते आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत सभेला वाचून दाखवावा लागतो. मात्र उपस्थितांची किमान संख्या अशी ठरविलेली नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी पुरी होते, आणि जाऊन अकरा पाने वाचली तरी पुरी होतेच! सारांशात आपला मुद्दा आला की नाही, हे ऐकून घेणे आणि आला नसेल तर तेथेच हात वर करणे, हे वक्त्याचे शेवटचे कर्तव्य होय.

ज्ञातिसंस्था या कामी काय करू शकते, याचेही उदाहरण आपल्याच भागात आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविषयी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. किनाऱ्यावरील एका समाजाची संस्था लवादापुढे उभी राहते आणि तिचे म्हणणे दफ्तरी दाखल होते, ही घटना सर्वच ज्ञातिसंस्थांनी अभिमानाने व विचारपूर्वक पाहावी अशी आहे.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या संस्थेने वर्षातून एकदा बक्षीस समारंभापुरती वक्तृत्वस्पर्धा घेण्यावर समाधान मानू नये. दर महिन्याच्या एका रविवारी दोन तास आपले सभागृह या कामासाठी खुले ठेवावे. विषय आपल्या जीवनातले असावेत: गावचा पाणीपुरवठा, शाळेतील पट, सहकारी सोसायटीचा ताळेबंद. मुले-मुली आणि विशेषतः आपल्या भगिनी यांनी प्रत्येकी चार मिनिटे बोलावे. एकाने लेखणी घेऊन बसावे आणि बोलणाऱ्याचा मुद्दा एका ओळीत लिहावा. ती ओळ मोठ्याने वाचून दाखवावी. ‘मला हेच म्हणावयाचे होते,’ असे बोलणारा म्हणाला की तो उत्तीर्ण! खर्च म्हणाल तर चहापाण्याचा. तो पहिल्या वर्षी माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याची माझी तयारी आहे, आणि लेखणी घेऊन बसण्याचे कामही मीच करीन.

पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेचा आरंभ झाला तेव्हा तिलाही कोणीतरी पहिला दिवा लावला असेल. आपल्याकडील पुढच्या सुनावणीस जेव्हा आपल्यापैकी एखादी मुलगी उठेल, चार मिनिटांत आपले म्हणणे मांडील आणि समोरचे साहेब लेखणी उचलतील, तेव्हा त्या मासळी विकणाऱ्या माउलीचे ऋण काही अंशी फिटेल, असे मला वाटते. श्रीकृपेने तो दिवस लवकर येवो, एवढी प्रार्थना करून हा लेख येथेच पुरा करतो.