काबो ब्लांकोचा मासा

पेरू देशाच्या उत्तर टोकाला, विषुववृत्तापासून जेमतेम चार अंश दक्षिणेस, काबो ब्लांको नावाचे कोळ्यांचे एक लहानसे गाव आहे. मागे उघडीबोडकी टेकाडे, पुढे समुद्र. ४ ऑगस्ट १९५३ रोजी टेक्ससमधला आल्फ्रेड ग्लासेल नावाचा एक तेलसम्राट या समुद्रात गळ टाकून बसला असता त्याला काळा मर्लिन लागला. वरचा जबडा भाल्यासारखा पुढे आलेला हा मासा पावणेदोन तास झुंजला. त्या अवधीत तो एकोणपन्नास वेळा पाण्याबाहेर उसळल्याची नोंद आहे. अशा गोष्टी मोजणारी माणसेही असतात! वजन भरले १,५६० पौंड, म्हणजे सात क्विंटलांहून किंचित अधिक, आणि लांबी साडेचौदा फूट. शार्क सोडले, तर नियमाप्रमाणे गळाने धरलेला याहून मोठा मासा आजवर नोंदला गेलेला नाही.

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेवर चित्रपट निघायचा होता, तेव्हा मनाजोगता मासा टिपण्यासाठी १९५६ मध्ये खुद्द हेमिंग्वे मंडळींसह काबो ब्लांकोला आला. मर्लिन मिळाले, पण हवा तेवढा मोठा एकही नाही. शेवटी १९५८ च्या चित्रपटात ग्लासेलच्या झुंजीची चित्रफीत वापरावी लागली. कथा क्यूबाजवळच्या गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहातली, आणि तिच्यातला मासा दुसऱ्याच महासागरातला!

आता एवढे प्रचंड मासे नेमके येथेच का यावेत? याचे उत्तर पाण्याच्या थंडीत आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने एक थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त प्रभावाने पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, आणि त्याची जागा घ्यायला खोलातले गार पाणी वर येते. त्याच्याबरोबर तळाकडे साचलेले नत्र आणि स्फुरदही वर येतात. जणू समुद्राला कोणी शेणखत घालावे! त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर आंचोवेटा नावाची वीतभरही न भरणारी मासळी कोटी-अब्जांनी पोसली जाते. काबो ब्लांकोपाशी हा थंड प्रवाह पश्चिमेकडे वळतो आणि उत्तरेकडच्या उबदार पाण्याला भिडतो. उबेत राहणारा मर्लिन तेथे थंडीच्या उंबरठ्यावर मांडलेल्या ताटावर येऊन बसतो. मोठ्या माशाचा विक्रम खरे म्हणजे वीतभर मासळीचा आहे.

या प्रवाहाला हंबोल्टचे नाव मिळाले. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्टने १८०२ साली पेरूच्या किनाऱ्यावर पाण्यात उष्णतामापक बुडवला आणि उष्ण कटिबंधातले हे पाणी इतके गार कसे, याचा विचार केला. परंतु प्रवाहाला आपले नाव दिल्याचे पाहून त्याने १८४० मध्ये पत्र लिहून हरकत घेतली. आपण फक्त तापमान प्रथम मोजले. प्रवाह तर चिलीपासून पायतापर्यंतच्या कोळ्यांच्या पोरांनाही तीनशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक होता, असे त्याचे म्हणणे. शोधाचे श्रेय असे परत करणारी माणसे इतिहासात फार नाहीत. आणि जगाने तरीही त्याचे ऐकले नाही!

त्याच पायताच्या कोळ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. नाताळाच्या सुमारास कधी कधी उत्तरेकडून उबदार पाणी उतरते. त्याला ते बाळ येशूच्या नावाने ‘एल निन्यो’ची धार म्हणत. हे नाव १८९२ मध्ये कामिलो कारिल्यो या नौदल अधिकाऱ्याने लिमाच्या भूगोल-मंडळापुढे मांडले. काही वर्षी ही धार फार माजते, उबदार पाण्याचा थर जाड होतो, खालचे खत वर येणे थांबते आणि मासळी नाहीशी होते.

इकडे भारतात, १९०४ पासून वेधशाळांचा प्रमुख असलेला गणिती गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचे भाकीत करण्यासाठी जगभरचे आकडे चाळत होता. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलटेही होते, अशी तराजूची दोन पारडी त्याला दिसली. या पारड्यांचा आणि पायताच्या उबदार पाण्याचा सांधा जुळायला मात्र १९६९ साल उजाडावे लागले. तो जेकब ब्यर्कनेसने जुळवून दाखवला. निन्योच्या प्रत्येक वर्षी आपल्याकडे दुष्काळ पडतोच असे नाही. १९९७ साली निन्यो प्रचंड असूनही देशात पाऊस नेहमीएवढा झाला.

दरम्यान पेरूने त्या वीतभर मासळीचा कारखाना करून टाकला होता. आंचोवेटा वाळवून-दळून त्याची भुकटी युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या-डुकरांना खाऊ घालायची, हा धंदा इतका फोफावला की पेरू मासेमारीत जगात पहिला आला. १९७० साली एक कोटी टनांहून अधिक मासळी काढली गेली. काबो ब्लांकोचा शिकारी क्लब त्याच सुमारास बंद पडला. मोठे मर्लिनही तोवर विरळ झाले होते. १९७२ मध्ये निन्यो आला. आधीच उपसून विरळ झालेली मासळी कोसळली, आणि १९७३ ची पकड वीस लाख टनांच्याही आत राहिली. जाळी रिकामी आणि कारखाने थंड.

ते १९७२ साल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आधीची वर्षे ओढीची गेली होती, त्यात त्या वर्षीच्या पावसाने पाठ फिरवली. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, आणि लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन त्यांनी ते वर्ष काढले. खडी फोडणाऱ्या बाईला पायता कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि पायताच्या कोळ्यालाही मराठवाडा माहीत नव्हता.