हें गाणें कोणाचें?

काव्याच्या शेवटच्या चरणांत आपलें नांव गुंफण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. तुकोबांची मुद्रा आली कीं अभंगाचा धनी कोण हें निराळें विचारावें लागत नाहीं. आणि लावणीच्या अखेरीस शाहीर आपलें नांव गोवतो तेंहि याच हेतूनें. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील ॲपलाचियन डोंगरांत जीं गाणीं पिढ्यान्‌पिढ्या गाइलीं गेलीं त्यांत अशी मुद्रा कोठेंच नव्हती. गाणें आईकडून आलें, शेजाऱ्याकडून आलें, जत्रेंत कानीं पडलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे होई. पुढें ग्रामोफोनच्या कंपन्या त्या डोंगरांत शिरल्या आणि तबकडीवर गाण्याच्या नांवाखालीं कंसांत कोणा तरी मनुष्याचें नांव छापणें भाग पडलें. आज ज्यास कंट्री म्यूझिक म्हणतात त्या संगीताचा इतिहास बहुधा गवयांच्या चरित्रांतून सांगितला जातो. प्रस्तुत लेखांत त्या कंसांतल्या नांवाचा माग काढावयाचा आहे.

या गाण्यांचा वंश शुद्ध नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनीं आपलीं जुनीं कथागीतें आणि फिडल, म्हणजे खेड्यांतल्या नाचगाण्याचें व्हायोलिन, बरोबर आणलें. बँजो हें वाद्य आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या हातचें. त्यांत चर्चमधील भजनांची, शहरांत छापल्या जाणाऱ्या नाटकी पदांची आणि गांवोगांव फिरणाऱ्या औषधविक्यांच्या खेळांतील गाण्यांची भर पडली. १९१६ ते १९१८ या काळांत सेसिल शार्प या इंग्रज पंडितांनीं मॉड कार्पेलिस या आपल्या सहायिकेसह हा मुलूख पायांखालीं घालून दीड हजारांहून अधिक चाली टिपून घेतल्या. त्यांचें लक्ष मुख्यतः इंग्लंडांतून लोपत चाललेल्या प्राचीन गीतांवर होतें. भजनें व ताजीं पदें त्यांना फारशीं नको होतीं. गाणाऱ्यांना मात्र हा भेद ठाऊक नव्हता. शतकांपूर्वीचें कथागीत आणि गेल्या पिढींतलें रंगभूमीवरचें पद हीं दोन्ही त्यांच्या लेखीं सारखींच 'जुनीं' होतीं.

या मिश्रणाची बाजारांतली किंमत कळली ती १९२३ सालीं. त्या काळीं ग्रामोफोन हें घरांतल्या कपाटासारखेंच एक सामान समजलें जाई, आणि तबकड्याहि फर्निचरच्या दुकानांतच विकल्या जात. अटलांटा शहरांतील पोक ब्रॉकमन या अशाच एका दुकानदाराच्या आग्रहावरून ओके कंपनीचे राल्फ पीअर यांनीं फिडलवाला जॉन कार्सन याचें गाणें मुद्रित केलें. पीअर यांना तें गाणें अगदींच टाकाऊ वाटलें. पण ब्रॉकमननें पांचशें तबकड्या मागविल्या आणि त्या हां हां म्हणतां खपल्या. खेड्यांतल्या अस्सल जुन्या संगीताची ही पहिली मोठी विक्री. मौज अशी कीं, तबकडीच्या एका बाजूस असलेलें 'लिटल ओल्ड लॉग केबिन इन द लेन' हें पद लुइव्हिल शहरांतील विल हेज या धंदेवाईक गीतकारानें १८७१ सालीं प्रसिद्ध केलेलें होतें. आणि तेंहि, तोंडास काजळ फांसून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या रंगभूमीच्या वळणाचें! पन्नास वर्षांत त्याचा जन्मदाखला हरवला आणि तें लोकगीत होऊन बसलें.

आतां थोडें कायद्याकडे वळलें पाहिजे, कारण पुढील सारें महाभारत त्यांतूनच उद्भवलें. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, गीत तबकडीवर चढलें म्हणजे दर तबकडीमागें दोन सेंट गीताच्या मालकास द्यावेत. गाणाऱ्याची बिदागी एकदां दिली कीं हिशेब मिटे. हे दोन सेंट मात्र तबकडी विकली जाईल तोंवर येतच राहत. पीअर हे चतुर गृहस्थ होते. ओके सोडून ते व्हिक्टर कंपनीकडे आले तेव्हां त्यांनीं मोठ्या पगाराचा हट्ट धरला नाहीं. आपण मिळवून आणलेल्या गीतांचे प्रकाशनहक्क आपल्या हातीं असावेत, एवढेंच मागून घेतलें, आणि १९२८ सालीं त्यासाठीं सदर्न म्यूझिक ही संस्था काढली. ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नोंदलेला आहे असें गीत त्यांच्या उपयोगाचें नव्हतें, आणि सर्वस्वीं नवें गीत गिऱ्हाइकाच्या उपयोगाचें नव्हतें. कानाला जुनें पण कागदोपत्रीं नवें, असें गाणें त्यांना हवें होतें.

१९२७ च्या जुलईअखेर पीअर ब्रिस्टल या गांवीं आले. या गांवाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा आहे. तेथें टोप्यांच्या एका जुन्या कारखान्याच्या माडीवर त्यांनीं यंत्र मांडलें आणि सुमारें बारा दिवसांत एकोणीस गायकांचीं वा मेळ्यांचीं मिळून ७६ गीतें मुद्रित केलीं. १ ऑगस्ट रोजीं तेथें ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल हीं तिघें आलीं. ४ ऑगस्टला मिसिसिपीचा जिमी रॉजर्स आला. या दोघांच्या भेटीस कंट्री म्यूझिकचा जन्मदिवस मानण्याची प्रथा पडली आहे. प्रत्येक गीतामागें पन्नास डॉलर आणि दोन सेंटांतला कांहीं वांटा, असा हा व्यवहार होता. डोंगरांत शेतीवर व लांकूडतोडीवर गुजराण करणाऱ्यांना पन्नास डॉलर म्हणजे लहानसहान रक्कम नव्हे.

पण कार्टरांजवळचा गीतांचा सांठा कांहीं अक्षय नव्हता. पीअरना दर खेपेस नवीं गाणीं हवीं असत. तेव्हां ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणीं हुडकीत हिंडूं लागले. कोणाच्या ओसरीवर बसावें, म्हातारीकडून चार कडवीं उतरून घ्यावींत, कोणाच्या पेटींत चर्चचें जुनें पुस्तक सांपडलें तर तें चाळावें, असा क्रम सुरू झाला. यांत अडचण एकच होती: शब्द ते लिहून घेत, पण चाल त्यांच्या ध्यानांत राहत नसे. ही उणीव भरून काढली ती लेस्ली रिडल या तरुण कृष्णवर्णीय वादकानें. सिमेंटच्या कारखान्यांतील अपघातांत त्याचा एक पाय गेलेला होता. बंदुकीच्या अपघातानें उजव्या हाताचीं बोटेंहि अधूं झालेलीं होतीं. तरी तो गिटार असा कांहीं वाजवी कीं मेबेलनेंहि त्याच्यापासून शिकून घेतलें. किंग्सपोर्ट गांवीं कार्टरांशीं त्याची ओळख झाली आणि पुढें कांहीं वर्षें ते दोघे बरोबर हिंडले. कार्टर शब्द उतरून घेत आणि रिडल चाल कानांत सांठवी. घरीं परतल्यावर तो ती सारा व मेबेल यांना वाजवून दाखवी. वर्णभेदाच्या त्या दिवसांत हीं दोन माणसें एका मोटारींतून गांवोगांव फिरत, हेंच विलक्षण होय. कृष्णवर्णीयांच्या वस्तींत रिडलमुळें कार्टरांना दारें उघडत, हें निराळें सांगावयास नको.

'कॅननबॉल' हें गाणें रिडलनें कार्टरांना शिकविलें. तबकडीवर नांव आलें तें ए. पी. कार्टर यांचें.

यावरून कार्टरांना चोर म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि अलीकडे तसें म्हणणारेहि पुष्कळ निघाले आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. 'वाइल्डवूड फ्लॉवर' हें त्यांचें १९२८ मधील विख्यात गाणें मूळ १८६० सालीं जोसेफ वेबस्टर यांनीं दुसऱ्याच नांवानें प्रसिद्ध केलेलें. तोंडोतोंडीं त्यांतले शब्द असे विस्कटले कीं त्यांतील एका फुलाच्या नांवावर जाणते लोक अजून वाद घालतात. येथें कार्टरांचें कर्तृत्व फारसें नाहीं. उलट १९३५ सालचें 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' पाहावें. त्याचें मूळ १९०७ मधील एक भजन. शब्द एडा हेबरशन यांचे, स्वर चार्ल्स गेब्रिएल यांचे. मूळ भजन स्वर्गांतल्या पुनर्भेटीविषयीं बोलतें. कार्टरांनीं ध्रुवपद तेवढें थोड्या फरकानें ठेविलें आणि खालीं आईच्या प्रेतयात्रेचें शब्दचित्र घातलें. उपदेशाच्या जागीं शोक आला, आणि तेंच रूप लोकांच्या मुखीं राहिलें. याला रचना म्हणावयाचें नाहीं तर कशाला? शार्पसाहेबांनीं चाली टिपल्या त्या विद्वत्तेसाठीं, म्हणून त्यांस स्वतःला कवि म्हणविण्याची गरज पडली नाहीं. कार्टरांना पोट भरावयाचें होतें, आणि कायद्याच्या नोंदवहींत संग्राहक, जुळारी, पाठ करणारा यांच्यासाठीं निराळा रकाना नव्हता. तेथें कर्ता तेवढा होता. ज्याचा पीअरशीं करार तो कर्ता, असा साधा न्याय झाला. आमचा आक्षेप आहे तो या न्यायावर. आणि त्याचा फटका ज्यांना बसावयाचा त्यांनाच बसला.

कंपन्यांनीं तर आरंभापासूनच दोन याद्या केल्या होत्या: गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांची एक आणि कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची दुसरी. कलावंतांच्या व्यवहारांत ही भिंत फारशी कधींच नव्हती. जिमी रॉजर्स ज्या गीतांनीं प्रसिद्धीस आला, तीं 'ब्लू योडल्स', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्यें छातींतल्या स्वरावरून एकदम वरच्या बारीक स्वरावर उडी घेण्याची करामत मिसळून झालेलें मिश्रण. १९३० सालीं त्याच्या नवव्या ब्लू योडलच्या वेळीं ट्रंपेट वाजविणारा होता लुई आर्मस्ट्राँग. पण तबकडीवर त्या महान् कलावंताचें नांव नाहीं. रॉजर्सची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिनें त्याला पुष्कळ गीतें रचून दिलीं. कांहींवर तिचें नांव आहे, कांहींवर नाहीं. १९३३ सालीं क्षयानें रॉजर्स वारला तेव्हां त्याचें वय ३५ होतें.

हँक विल्यम्सची गोष्ट याहून बोलकी आहे. अलाबामांतल्या रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय वादकानें त्याला लहानपणीं गिटारचे पाठ दिले. गुरु १९३९ सालीं वारला. शिष्य १९५३ च्या पहिल्याच दिवशीं, २९ व्या वर्षीं. या धंद्यांतला सर्वश्रेष्ठ गीतकार म्हणून हँकचें नांव घेतात, व तें योग्यहि आहे. परंतु १९४९ सालीं त्याला पहिल्या क्रमांकावर नेणारें 'लव्हसिक ब्लूज' हें गाणें त्याचें नव्हे. तें १९२२ सालीं क्लिफ फ्रेंड व अर्व्हिंग मिल्स यांनीं नाटकासाठीं रचिलेलें. त्याचे प्रकाशक फ्रेड रोझ यांचा या निवडीस विरोध होता, असें सांगतात.

नांव अन्यायानें गेलें असेंच सर्वत्र नाहीं. कित्येकांनीं तें आपखुषीनें विकलें. 'यू आर माय सनशाइन' हें इंग्रजी जाणणाऱ्या बहुतेक घरांत ठाऊक असलेलें गाणें जिमी डेव्हिस यांच्या नांवावर १९४० सालीं नोंदलें गेलें. हे गृहस्थ गवई असून पुढें दोनदां, १९४४ व १९६० सालीं, लुइझियाना राज्याचे गव्हर्नर झाले, आणि प्रचाराच्या सभांतून हें गाणें गाऊन त्यांनीं मतें मिळविलीं. पण १९३९ सालींच त्याच्या दुसऱ्यांनीं गाइलेल्या तबकड्या निघालेल्या होत्या, आणि डेव्हिस यांनीं त्याचे हक्क पॉल राइस यांजकडून विकत घेतले होते. जॉर्जियांतील लाग्रेंज गांवचे लोक म्हणतात कीं राइसहि मूळ कर्ता नव्हे, आमच्या गांवचा ऑलिव्हर हूड. १९७७ सालीं हें गाणें लुइझियानाच्या राज्यगीतांत दाखल झालें. विली नेल्सननें १९६० च्या सुमारास 'फॅमिली बायबल' पन्नास डॉलरांस आणि 'नाइट लाइफ' दीडशें डॉलरांस विकून टाकलें. पुढें हीं दोन्ही गाजलीं. नेल्सननें याविषयीं फारशी कुरकुर केली नाहीं. गाणीं विकलीं जातात एवढें तरी त्यामुळें कळलें, असा त्याचा पवित्रा असे. पण त्याच्याजवळ पुढचीं गाणीं रचण्यास आयुष्य होतें; सर्वांजवळ तें असतेंच असें नाहीं.

शब्दांची ही गत, तर चालीची काय सांगावी! कार्टर कुटुंबानें १९२९ सालीं 'आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज' हें विरहगीत गाइलें. तीच चाल १९३६ सालीं रॉय एकफ यानें 'ग्रेट स्पेकल्ड बर्ड' या धर्मगीतास वापरली. १९५२ सालीं हँक थॉम्प्सननें तिच्यावरच 'वाइल्ड साइड ऑफ लाइफ' गाइलें. त्यांत घर सोडून मद्यगृहांच्या झगमगाटाकडे गेलेल्या स्त्रीला एक पुरुष दूषण देतो. तें पंधरा आठवडे पहिल्या स्थानावर होतें. मग लुइझियानाच्या जे. डी. मिलर यांनीं त्याच चालींत त्याला उत्तर लिहिलें: अशा स्त्रिया देवानें घडविल्या नाहींत, लग्नाचे असून अविवाहितासारखे वागणारे पुरुषच याला कारण. हें गाण्यास बोलावलें किटी वेल्स या तीन मुलांच्या आईला. ती गाण्याचा धंदा सोडून संसार सांभाळण्याच्या विचारांत होती. आली ती ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशें डॉलरांसाठीं. एन. बी. सी. या नभोवाणीसंस्थेनें गाणें वर्ज्य ठरविलें, तरी तें पहिल्या क्रमांकास पोहोंचलें. एकट्या स्त्रीनें गाइलेलें गाणें त्या यादींत अग्रस्थानीं येण्याची ती पहिलीच वेळ. विरह, धर्म, निर्भर्त्सना आणि प्रत्युत्तर हे चारी भाव एकाच चालीनें निमूटपणें वाहिले. ती चाल कार्टरांच्याहि पूर्वीची आहे; तिचा धनी कोण हें नोंदवहीस सांगतां यावयाचें नाहीं.

कार्टर कुटुंबाचा मेळा १९४० नंतरच्या वर्षांत मोडला. सारा पूर्वींच विभक्त झाली होती. ए. पी. कार्टर आपल्या खोऱ्यांत एक किराणा दुकान चालवीत राहिले आणि १९६० सालीं वारले. तिघांस नॅशव्हिलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें तें १९७० सालीं. रिडल तत्पूर्वींच न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं जाऊन राहिला होता, आणि वादन त्यानें जवळजवळ सोडून दिलें होतें. मेबेलच्या बोलण्यांत त्याचें नांव आलें, त्यावरून माइक सीगर या संग्राहकानें १९६५ सालीं त्याला हुडकून काढलें व पुन्हा गिटार हातीं घ्यावयास लाविलें. पुढील कांहीं वर्षांत सीगरनें त्याचें गाणें मुद्रित करून ठेविलें. स्वतःच्या नांवाची त्याची तबकडी १९९३ सालीं निघाली. तेव्हां तो हयात नव्हता.