खळ्याला तेल पाजणारे लोक



धान चुरणं आटोपलं. शेवटची पोती शिवून झाल्यावर खळं झाडलं, तर सुपात धानासोबत मूठभर रेती आली. बाहेरून उडून आलेली नव्हे, आमच्याच खळ्याची. कोब्याचं वरचं कातडं सुटायला लागलंय. व्यापारी पोत्यात हात घालतो, तळहातावरचे दोन खडे दाखवतो आणि भाव तोडतो.

हे खळं बाबांनी 1984 साली केलं, घरची म्हैस विकून. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण 1982 मध्ये जरा सैल झालं होतं, त्याआधी परमिटसाठी खेटे घालावे लागत. त्यामुळे आमच्या घरात या खळ्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल. मी म्हणतो फोडून नवीन करू. बाबा म्हणतात, "फोडाले अक्कल लागत नाही, राखाले लागते." दिवाळीपासून हेच चाललंय.

वाद मिटेना म्हणून मी जरा मागे जाऊन शोधलं. उघड्यावरची फरशी, खळं, टाकं ऊन-पावसापासून वाचवायला आधीच्या लोकांनी काय केलं? आणि गंमत अशी की पहिला माणूस सापडला तो खळ्याचीच गोष्ट सांगणारा.

रोमचा कॅटो, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला. मोठा राजकारणी, पण शेतीवरही त्याचं पुस्तक आहे. खळं कसं करावं हे तो आपल्या म्हाताऱ्यांसारखं सांगतो. जमीन खणा, ढेकळं बारीक करा, ऑलिव्हचं तेल काढल्यावर खाली उरतो तो काळा कडू रस मातीला भरपूर पाजा आणि वरून चोपून घट्ट करा. मग मुंग्या लागत नाहीत, आणि पाऊस आला तरी चिखल होत नाही. आपल्याकडे शेणानं सारवतात त्यामागचा हिशेब याहून वेगळा नाही. घरात जे फुकट उरतं, ते खळ्याला.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस हा रोमन बांधकामवाला लिहितो की उघड्यावरच्या फरशीचे सांधे दरवर्षी हिवाळ्याआधी तेलाच्या गाळानं भिजवावेत, म्हणजे दहिवर-गारठा आत शिरत नाही. यातला "दरवर्षी" हा शब्द मला फार आवडला. एकदा केलं की जन्माची चिंता मिटली, असं तो म्हणत नाही. आमची आजी तरी खळं एकदाच कुठं सारवायची?

पुढे सिमेंट आलं आणि माणसाला वाटलं आता सारवणं संपलं. 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्लंडमधल्या गवंड्यानं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्यात लोखंड घालायची युक्ती काढणाऱ्यांत दोघं आपल्याच जातकुळीचे. दक्षिण फ्रान्समधला लाम्बो शेतीवाडीवाला होता. त्यानं तारेच्या जाळीवर सिमेंट थापून चक्क होडी केली आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. दुसरा मोन्ये, माळी. झाडांच्या कुंड्या फुटतात म्हणून त्यानं सिमेंटमध्ये तारा घातल्या आणि 1867 मध्ये पेटंट घेतलं. आज जे मोठमोठे पूल दिसतात त्यांच्या मुळाशी कुंडी आहे, हे कितीजणांना माहीत असेल!

पण सिमेंट दिसतं दगडासारखं, असतं मात्र भाकरीसारखं. आत बारीक बारीक भोकं. माल कालवताना घट्ट होण्यापुरतं पाणी थोडंच लागतं, पण थापायला सोपं जावं म्हणून मिस्त्री वरून बादली ओततो. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आपल्या जाण्याच्या वाटा मागे सोडतं. त्याच वाटांनी पुढे पाऊस आत येतो. आत लोखंड असेल तर गंजतं, गंज फुगतो, आणि पापुद्रा उडतो. आमच्या खळ्यात लोखंड नाही. त्याचं दुखणं वरचंच आहे. पातळ माल, आणि त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी नव्हतं म्हणून तराई जेमतेम चार दिवस झाली. बाबा हे कबूल करतात, फक्त माझ्यासमोर नाही.

1863 मध्ये न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या क्रोटन जलाशयाच्या दरवाजाघरात विटांच्या भिंतींतून पाणी झिरपत होतं. तिथल्या इंजिनियरांनी काय वापरलं? साबण आणि तुरटी. आधी उकळता साबणाचा काढा कुंच्यानं मारायचा, एक दिवस वाळू द्यायचा, मग तुरटीचं पाणी. पुन्हा साबण, पुन्हा तुरटी. दोन्ही एकत्र आले की भोकांमध्ये पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि वाट बुजते. न्हाव्याच्या दुकानातल्या सामानात जलाशय सांभाळला म्हणा ना.

मग येतो सडकांचा काळ. 1930 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यात लोकांच्या लक्षात आलं की सिमेंटच्या काही सडका थंडीत उखडतात आणि काही तशाच राहतात. तपास केला तेव्हा कळलं, टिकलेल्या सडकांचं सिमेंट दळताना गिरणीत जनावराची चरबी घातली होती. घातली होती दळण सोपं जावं म्हणून. तिच्यामुळे काँक्रीटमध्ये डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे राहिले. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. त्याला फुगायला त्या बुडबुड्यांत जागा मिळाली आणि सडक वाचली. आज थंड मुलुखात मुद्दाम बुडबुडे करणारं औषध टाकतात, त्याची सुरुवात ही अशी चुकून झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सडकांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकायचं प्रमाण वाढत गेलं. बर्फ गेला, पण पुलांचे आणि सडकांचे पापुद्रे निघू लागले. त्याच सुमारास तिकडचा जवस पिकवणारा शेतकरी वेगळ्याच अडचणीत होता. तोवर घराचा रंग म्हणजे जवसाचं तेल. आता पाण्यात कालवायचे रंग निघाले आणि तेलाचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी सरकारी प्रयोगशाळा होती. शेतमाल जास्त झाला तर त्याला नवं गिऱ्हाईक शोधणं हेच तिचं काम. युद्धाच्या काळात मक्याच्या उरलेल्या पाण्यावर पेनिसिलिन वाढवायची युक्ती हिनंच काढली होती. 1960 च्या दशकात तिथल्या लोकांनी जवसाच्या तेलाचे लेप काँक्रीटसाठी तयार केले. सडकांवर साधा नुस्खाही चालायचा. अर्धं उकळलेलं जवस तेल, अर्धं रॉकेलसारखं पातळ करणारं द्रावण, कोरड्या उबदार दिवशी दोन हात. जवसाचं तेल हवेत वाळून रबरासारखं होतं, म्हणून तर क्रिकेटच्या बॅटला लावतात. भोकांत जाऊन ते तिथंच वाळायचं आणि मिठाचं पाणी अडायचं.

म्हणजे नॉर्थ डकोटाच्या शेतातलं जवस पुलांवर जाऊन बसलं. आणि इकडे आम्ही उभ्या धानात उतेरा जवस फेकतो, आलं तर आलं, चटणीपुरतं ठेवून बाकीचं मिळेल त्या भावानं देऊन टाकतो. वाचून थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पीक तेच आहे. आपल्याकडे त्याला पिओरिया भेटली नाही.

अर्थात तेलाचं राज्य टिकलं नाही. ते वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, रंग काळपट होतो, ओलीच्या जागी त्यावर बुरशीही धरते. 1981 मध्ये अमेरिकेत पुलांवरच्या बऱ्याच लेपांची तुलना करून अहवाल निघाला, त्यात सिलेनसारखी औषधं सरस ठरली. ती वर पापुद्रा करत नाहीत. आत मुरतात आणि भोकांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाहीत. ओल वाफ होऊन बाहेर जाऊ शकते, बाहेरचं पाणी मात्र आत येत नाही.

हे मला तीन वर्षांआधी कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी दुकानातून चकचकीत लेपाचा डबा आणला आणि पावसाळा संपल्या संपल्या टाक्याच्या भिंतीला दिला. भिंत आतून ओली होती. पहिल्या उन्हात लेप पांढरा पडला, फोड आले आणि मग कांद्याच्या सालीसारखा निघाला. डब्यावर "कोरड्या पृष्ठभागावर" असं लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तेल वापरायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर दोन गोष्टी ऐका. बाजारातल्या डबल बॉइल तेलात लवकर वाळायला धातूंची औषधं असतात, वर रॉकेल. जिथं खायचं धान्य पसरता तिथं ते नको. गोठ्याबाहेरचा उतार, पायऱ्या, टाक्याची बाहेरची बाजू इथं ठीक. आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा सुटे पसरून वाळू द्या. अमोनियम सल्फेटची फुटकी पोतीही कोब्यावर ठेवू नका, ते खत सिमेंट खातं.

काल संध्याकाळी बाबा लोटाभर पाणी घेऊन खळ्यावर आले. म्हटलं आता काय? त्यांनी मधोमध पाणी ओतलं आणि पाहत उभे राहिले. पाणी दोन हात गेलं आणि तुळशीकडच्या कोपऱ्याआधी थांबलं. तिथंच डबकं झालं, आणि रेतीही सगळ्यात जास्त तिथंच सुटलीय.

"लेप मंग लाव, आधी उतार कर," म्हणाले. होळी झाली की तेवढा तुकडा टाचून पुन्हा कोबा करणार आहे, घट्ट मालाचा, आणि या वेळी तराई पुरी दहा दिवस. बाकीचं खळं फोडायचं नाही असं ठरलंय. उन्हाळ्यात पूर्ण वाळलं की अर्ध्या भागाला मुरणारं औषध देऊन बघतो, अर्धा तसाच ठेवतो. धान्य पसरायची जागा आहे म्हणून डबा घेताना आधी ते विचारून घेईन. पुढच्या चुरणीला दोन्हीकडची रेती वेगळी झाडून मोजतो, फोटो टाकतो.