अजिंक्यतारा : पायी वाचायचा धडा

१/ सातवीच्या इतिहासात मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध काही पानांत आटोपते. साताऱ्यातील मुलांना मात्र त्या युद्धाचा एक डोंगर रोज समोर दिसतो.

२/ डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने या किल्ल्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो सुमारे साडेचार महिने लढविला. एवढी मोठी फौज इतके दिवस का अडली? पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्या मुलास दम लागताच याचे निम्मे उत्तर मिळते.

३/ एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडविले. कोसळलेल्या तटाखाली त्यांचेच सैनिक गाडले गेले. परंतु गडावरील दाणागोटा संपत आला आणि किल्ला द्यावा लागला. मोगलांनी त्यास ‘आझमतारा’ हे नाव दिले. पुढे मराठ्यांनी तो परत मिळविला.

४/ म्हणून सहावी ते आठवीच्या मुलांना गडावर नेताना प्रथम शिधा व पाणी मोजण्यास शिकवावे. नंतर दिशा ओळखणे, मळलेली वाट न सोडणे, मागे राहिलेल्यासाठी थांबणे. तटावर नाव कोरू नये, हेही तेव्हाच सांगावे.

५/ आज वाहने दरवाजाजवळ पोहोचतात. तरीही शाळांनी निदान एकदा हा गड पायथ्यापासून चढावा. वेढा म्हणजे काय, हे त्या वाटेवरच समजते.