पंढरीच्या दारासाठी : १९४७ चा उन्हाळा

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे कळस, गाभारा व सभामंडप डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु देवळास दारही असते, आणि ते कोणासाठी उघडे आहे यावर देवळाची खरी शोभा ठरते. या शुभप्रसंगी पंढरपूरच्या दाराचा इतिहास सर्वांनी आठवावा असा आहे.

चोखोबा विठ्ठलाचे थोर भक्त. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. अभंग साऱ्या वारीच्या मुखी. पण चोखोबांच्या जातीची माणसे शतकानुशतके त्या समाधीपाशीच थांबत. पायरीवरून आत पाऊल टाकण्यास त्यांना मज्जाव होता.

नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. बाहेरच्यांनी आपले कर्तव्य केले होते. आता कर्तव्य उरले होते ते आतल्यांचे.

हे ओळखून पुढे आले साने गुरुजी. कोकणातील पालगड हे त्यांचे जन्मगाव, अमळनेरच्या शाळेतील शिक्षक ही त्यांची ओळख, आणि ‘श्यामची आई’मुळे तर ते घरोघरी पोहोचलेले. विठ्ठलाचे दार सर्वांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपवासाचा निश्चय केला. मात्र उपवासास बसण्यापूर्वी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागे करावयाचे ठरले.

या दौऱ्यात राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी कामास लागली. सेवा दलाची स्थापना १९४१ सालची. कवी वसंत बापट यांच्यासारख्यांनी घडविलेले त्याचे कलापथक म्हणजे काही व्यवसायाची नाटकमंडळी नव्हे. कोणी शिकणारा, कोणी शिकविणारा. बिदागी नाही, मानपान नाही. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि खणखणीत गळा एवढीच त्यांची सामग्री. ज्यास वाचता येत नाही त्यालाही पोवाडा कळतो, आणि भाषणास न येणारा माणूस डफावर थाप पडली की पारापाशी येऊन उभा राहतो. गाणे ऐकावयास आलेला मनुष्य घरी जाताना एक प्रश्न बरोबर घेऊन जाई : ज्या विठोबास आपण माउली म्हणतो, त्या माउलीच्या घरात काही लेकरांना बंदी का? या जागृतीतून अनेक गावांनी आपल्या विहिरी व देवळे सर्वांस खुली केली.

तरीही पंढरीचे दार बंदच होते. अखेर १ मे १९४७ रोजी, ऐन वैशाखातल्या उन्हात, गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवास आरंभिला. सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता. अपुऱ्या माहितीमुळे खुद्द महात्मा गांधींनीही उपवास सोडावा असे कळविले. गुरुजींच्या जिवास तो घाव फार लागला असेल. परंतु ते ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर, तेव्हाचे मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष, यांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळी दार खुले करण्यास राजी झाली आणि १० मे रोजी उपवास सुटला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

कायद्याने दार उघडते, पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्याला ‘या’ म्हणणारे मन कायद्याने होत नाही. ते मन घडविण्याचे काम त्या उन्हाळ्यात गुरुजींच्या वाणीने व साध्यासुध्या गाणाऱ्या पोरांनी केले. दगड, चुना व देणग्या यांनी देऊळ नवे होते. ज्यांना एके काळी उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्या हातची फुले त्याच मानाने देवापुढे पोहोचली, पंगतीत त्यांचे पान सर्वांच्या शेजारी पडले, म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणावे.