गुडघ्यावर बसलेला माणूस

कासवाच्या जळत्या कवचाचा वास आधी नाकाला लागतो, मग डोळे अंधाराला सरावतात. तुम्ही आन्यांगला आला आहात, पीत नदीच्या उत्तरेला, इसवी सनापूर्वी १२००च्या आसपास. शांग घराण्याचा राजा वू दिंग बसला आहे. त्याच्यासमोर छ्युए नावाचा शकुन काढणारा कासवाच्या पोटाकडचं कवच धरून बसला आहे. कवचाच्या आतल्या बाजूला ओळीनं खळगे कोरलेले आहेत. छ्युए एका खळग्याला निखारा टेकवतो आणि प्रश्न मोठ्यानं विचारतो: राणी फू हाओ बाळंत व्हायची आहे, सगळं शुभ होईल ना?

कवच तडकतं. दर्शनी बाजूला एक उभी भेग पडते आणि तिला आडवा फाटा फुटतो. शकुन पाहण्याचं चिनी अक्षर आजही असंच लिहितात, एक उभी रेघ आणि तिला छोटा फाटा. राजा कवच उजेडात धरून भेग वाचतो. दिंगच्या दिवशी बाळंत झाली तर चांगलं, गेंगच्या दिवशी झाली तर फारच उत्तम.

इतक्यात निघू नका. एकतीस दिवस इथंच काढा. च्या-यिन नावाच्या दिवशी फू हाओची सुटका होते. तो दिवस दिंगचाही नाही आणि गेंगचाही नाही. कोरणारा तेच कवच पुन्हा मांडीवर घेतो आणि सुरीच्या टोकानं पुढची अक्षरं कोरतो: शुभ झालं नाही, मुलगी झाली.

तुम्हाला चीड येईल आणि ती यायलाच हवी. फू हाओ ही सैन्य घेऊन मोहिमांवर जाणारी बाई. १९७६ मध्ये तिची न लुटलेली कबर सापडली, तेव्हा तिच्याबरोबर पुरलेल्या वस्तूंत कांस्याच्या युद्धकुऱ्हाडी होत्या. अशा बाईच्या पोटी मुलगी आली याची नोंद ‘अशुभ’ म्हणून व्हावी! तरी या कवचाबद्दल एक आदर वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडं सटवाई बाळाच्या कपाळावर काय लिहून गेली हे कुणालाच वाचता येत नाही. इथं प्रश्न, राजानं काढलेला अर्थ आणि प्रत्यक्ष घडलं ते, तिन्ही एकाच कवचावर शेजारी शेजारी कोरून ठेवलं आहे.

त्या दिवसाचं नावही ध्यानात ठेवा. दहा चिन्हांची एक माळ आणि बारा चिन्हांची दुसरी, दोन्ही एकदम फिरवत गेलं की साठ दिवसांचा एक फेरा पुरा होतो. हा फेरा तीन हजार वर्षांनी एका बेटावर तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

आता कोरणाऱ्याच्या शेजारी टेका आणि आणखी एक चिन्ह पाहा. वर उलटं उघडलेलं तोंड, काहीजण त्याला छप्पर म्हणतात. खाली गुडघ्यांवर बसलेला, हात मांडीवर ठेवलेला माणूस. याचा अर्थ हुकूम. पुढं याच चिन्हाच्या कडेला आणखी एक तोंड जोडलं गेलं आणि ‘मिंग’ हे अक्षर वेगळं झालं. हुकूम, नशीब आणि आयुष्य असे तिन्ही अर्थ त्या एका अक्षरानं उचलले. दैवाचं जे अक्षर चीन, जपान आणि कोरिया आजवर लिहीत आले, त्याच्या मुळाशी हा ऐकणारा माणूस आहे. बोलणारं तोंड कुणाचं, हे चिन्ह सांगत नाही.

ते झोउ राजांनी सांगितलं. चारेकशे वर्षं पुढं या, आजच्या शान्शी प्रांतात, कांस्य ओतणाऱ्यांच्या कारखान्यात. तीन पायांचं मोठं भांडं ओतायचं आहे, माओच्या सरदारासाठी. त्याच्या आतल्या अंगावर सुमारे पाचशे अक्षरांचा लेख उमटवायचा आहे, म्हणून कारागीर मातीच्या साच्यावर अक्षरं उलटी तयार करतो आहे. राजा सरदाराशी बोलतो आहे असा तो लेख. पूर्वजांना आकाशाकडून मोठा ‘मिंग’ मिळाला, त्यांनी तो पेलला. आता मात्र आकाश कोपलं आहे, चारी दिशांना अस्वस्थता आहे, तू मला हात दे. राजानं आपली भीती धातूत ओतून घेतली आहे. आकाशानं शांग घराण्याला दिलेला हुकूम काढून झोउंना दिला, हेच तर झोउंचं म्हणणं होतं. मग तो आपल्याकडूनही जाऊ शकतो, हे त्यांना कळणारच. पुढं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मोत्झू या विचारवंतानं दैववादाविरुद्ध ठणकावून लिहिलं. नशिबावर भार टाकला की राजा राज्य करत नाही आणि शेतकरी शेत कसत नाही, हा त्याचा मुद्दा. मला तो फार जवळचा वाटतो, पण आपल्याला लांब जायचं आहे.

समुद्र ओलांडा. नारा, आठव्या शतकाचा मध्य. लांबट दालनात लेखनिक ओळीनं बसलेत आणि बौद्ध सूत्रांच्या नकला चालल्या आहेत. मजुरी कागदामागं मिळते, अक्षर चुकलं की दंड, अख्खी ओळ गळली तर मोठा दंड. तुमच्या शेजारच्यानं कामाच्या कागदांत एक अर्जाचा मसुदा लपवला आहे. तो वाचाच. कामाचे कपडे मळलेत, ते बदलून द्यावेत. महिन्यातून पाच दिवस सुट्टी असावी. जेवण सुधारावं. सतत बसून छातीत दुखतं, पाय बधिर होतात, त्यावर औषध म्हणून तीन दिवसांतून एकदा साके मिळावी. तो मसुदा नाराच्या शोसोइन भांडारातल्या कागदांत टिकून राहिला. मोठमोठे आचार्य जे सांगून गेले ते याच बधिर पायांच्या माणसांनी आपल्यापर्यंत आणलं.

त्यांच्या हातचं एक सूत्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. भूत आणि वर्तमानातल्या कारणांचं आणि फळांचं सूत्र, म्हणजे बुद्धाचं चरित्र, मागल्या जन्मांसकट. मध्य भारतातला गुणभद्र नावाचा भिक्षू ४३५ मध्ये समुद्रमार्गे चीनला पोचला आणि त्यानं ते चिनीत आणलं. नाराच्या गुंडाळीत वरच्या अर्ध्या भागात रंगीत चित्रं आहेत आणि खाली ओळीत आठ-आठ अक्षरं. एरवी सूत्राच्या ओळीत सतरा अक्षरं असतात. जपानी लोक नशिबासाठी ‘इन्गा’ म्हणतात ते इथलं, कारण आणि फळ. तुमच्या घरात ‘कर्माचं फळ’ म्हणतात तेच हे, दोन समुद्र ओलांडून आलेलं.

आकाशाच्या हुकमाशेजारी ही दुसरी कल्पना येऊन बसली. हुकूम वरून येतो, फळ आपल्या मागून येतं. तिच्याबरोबर आणखी एक अक्षर आलं. चिनी ‘युआन’, जपानी ‘एन’, कोरियन ‘यन’. त्याच्या डाव्या अंगाला रेशमाच्या धाग्याचं चिन्ह असतं आणि जुना अर्थ कपड्याची किनार. बौद्ध अनुवादकांनी ‘प्रत्यय’ या संस्कृत शब्दासाठी ते घेतलं आणि पुढं माणसामाणसांतल्या अदृश्य धाग्याला तेच नाव पडलं. मराठीत त्याला ऋणानुबंध म्हणतात. कुंचल्यानं हे अक्षर लिहिताना हात धाग्याच्या चिन्हापासून सुरू होतो, नागमोडी, न तुटता. मला वाटतं, ‘मिंग’ लिहिताना हात ज्या करारीपणानं खाली येतो, तो इथं चालत नाही.

आता पाऊस. १०८२, यांगत्से नदीकाठचं ह्वांगचौ. कवी सू शी इथं हद्दपारीत आल्यापासूनचा हा तिसरा वसंत. १०७९ मध्ये त्याच्या कवितांतून दरबाराची निंदा शोधून काढण्यात आली, त्याला तुरुंगात टाकलं आणि मग इथं धाडलं. चूल न पेटवण्याच्या सणाचे दिवस आहेत. पाणी दारापर्यंत आलं आहे, रिकाम्या स्वयंपाकघरात थंड भाज्या शिजत आहेत, मोडक्या चुलीत ओला बोरू धुमसतो आहे. हे सगळं तो लिहितो आहे आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघता आहात. सुरुवातीची अक्षरं लहान, आवरलेली. मग ती वाढू लागतात. मोडक्या चुलीपाशी एकदम मोठी आणि काळी होतात. ‘कागद’ या अक्षराची उभी रेघ तर सुईच्या टोकासारखी खाली ओढली जाते आणि पुढच्या अक्षराची जागा गिळते. शाईनं लिहिताना रेघ एकदाच ओढायची असते, मागं जाऊन ती गिरवता येत नाही. त्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय होतं ते जसंच्या तसं कागदावर राहतं.

या सू शीनं आपल्या नशिबाबद्दल एक टिपण लिहिलं. तांग काळातला लेखक हान यू मोश्ये राशीखाली जन्मला, माझं नशिबाचं घरही मोश्येतच, म्हणून दोघांच्याही वाट्याला निंदा आली. मोश्ये म्हणजे मकर. बौद्ध अनुवादांबरोबर बारा राशी चीनमध्ये आल्या आणि नावासकट राहिल्या. ह्वांगचौच्या पावसात भिजणाऱ्या एका चिनी कवीनं आपल्या दुर्दैवाचं कारण म्हणून मकर राशीकडं बोट दाखवावं, हे वाचलं की माझं मन भरून येतं. पण तो राशीवर भार टाकून बसला नाही. शहराच्या पूर्वेच्या उतारावर त्यानं पडीक जमीन नांगरली आणि तिच्यावरून स्वतःचं नाव ठेवलं, दोंगपो, म्हणजे पूर्वेचा उतार.

बेटावर उतरा. जेजू, १८४४, नैर्ऋत्येच्या बाजूचं दाएजंग. वारा थांबत नाही. एका बसक्या घराभोवती काटेरी झाडांचं कुंपण आहे आणि आतल्या माणसाला त्याबाहेर जायची मुभा नाही. हा किम जंग-हुई, छुसा या नावानं ओळखला जाणारा, कोरियातल्या अक्षरकारांत सर्वांत मोठा. दरबारातल्या गटबाजीत १८४०ला त्याला इथं धाडलं. १८४२ मध्ये त्याची बायको तिकडं घरी वारली. दुसऱ्याच दिवशी, काहीच माहीत नसताना, त्यानं तिला पत्र लिहिलं, प्रकृती कशी आहे विचारणारं. बातमी येऊन पोचायला समुद्र आड होता.

इथल्या बायका नशिबाला ‘फाल्जा’ म्हणतात, सरळ अर्थ आठ अक्षरं. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि घटका, प्रत्येकाची दोन. आन्यांगच्या कवचावरची च्या-यिन ही अशीच दोन अक्षरं. तोच साठाचा फेरा इथं प्रत्येक माणसाच्या जन्माला चिकटला आहे. जिला आयुष्यभर सोसावं लागतं तिची आठ अक्षरं ‘कडक’ आहेत म्हणतात, आणि एखाद्या विधवेनं पुन्हा लग्न केलं तर तिनं आठ अक्षरं ‘दुरुस्त’ केली म्हणतात. कुंपणाबाहेर हे शब्द हवेत असतात. आत छुसा लिहीत बसतो. आयुष्यात दहा शाईचे दगड झिजवले आणि हजारभर कुंचले संपवले, असं त्यानं एका मित्राला पत्रात कळवलं.

आज तो एका दुभाष्यासाठी चित्र काढतो आहे. यी सांग-जक कामानिमित्त बीजिंगला जातो आणि तिथून ग्रंथ आणतो. हद्दपार माणसाला पुस्तकं पाठवून कुणाचं भलं होत नाही, उलट संशय येतो; तरी त्यानं वर्षामागून वर्षं पाठवली, आणि यंदा तर १२० भागांचा ग्रंथसंच. छुसा कोरड्या कुंचल्यानं एक घर काढतो आणि चार झाडं. शेजारी चौकोन आखून त्यांत एकेक अक्षर बसवतो. सत्ता आणि फायदा असेल तिकडं जग धावतं, तू मात्र बदलला नाहीस. थंडी पडल्यावरच पाइन हिरवा राहतो हे कळतं असं कन्फ्यूशियस म्हणाला होता, तसं. कोपऱ्यात शिक्का उठवतो, एकमेकांना कधी न विसरण्याचा. चित्राचं नाव ‘सेहान्दो’, थंडीच्या दिवसांचं चित्र.

तुम्ही त्याच्या हाताकडं बघा. हुकमानं त्याला या कुंपणात बसवलं आहे. जन्माची आठ अक्षरं त्यानं निवडलेली नाहीत. या चौकोनांतली अक्षरं मात्र एकूण एक त्याची आहेत, आणि आन्यांगमध्ये गुडघ्यावर बसून नुसता ऐकणारा तो माणूस इथं कुंचला घेऊन उत्तर देतो आहे.

चित्र दुभाष्याबरोबर बीजिंगला गेलं. १८४५च्या आरंभी तिथल्या सोळा विद्वानांनी त्याला जोडलेल्या कागदांवर आपापली दाद लिहिली. ज्या माणसाला कुंपण ओलांडता येत नव्हतं त्याच्या हातची गुंडाळी राजधानीत एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती.

शंभर वर्षं एकदम ओलांडून १९४४च्या टोकियोत या, युद्धात. गुंडाळी आता फुजित्सुका चिकाशी या छुसाच्या अभ्यासकाकडं आहे. ते आजारी आहेत. सोल शहरातून सोन जे-ह्यंग नावाचा अक्षरकार, हवाई हल्ल्यांची भीती असताना, इथवर आला आहे आणि रोज त्यांच्या दारी जातो आहे. दिवसामागून दिवस नकार मिळतो. अखेर फुजित्सुका ‘सेहान्दो’ त्याच्या हाती देतात आणि एक पैसाही घेत नाहीत. काही महिन्यांनी, मार्च १९४५ मध्ये, बॉम्बहल्ल्याच्या आगीत त्यांचा बराचसा संग्रह जळून जातो. कोरियन माणूस अशा वेळी ‘इन्यन’ म्हणतो, ऋणानुबंध. मी त्या शब्दाआधी त्या दोघांची नावं घेईन, दारात उभ्या राहणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं.

१९४९, सोल. गुंडाळी उलगडली आहे आणि पुढं कोरा कागद आहे. १९१९च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ओ से-छांग, आता पंच्याऐंशीच्या घरात. देशाचे उपराष्ट्रपती यी शी-यंग. विद्वान चंग इन-बो. जो देश पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमाखाली होता, त्याचे हे लोक बीजिंगच्या सोळांच्या पुढं आपला मजकूर लिहायला बसले आहेत. तुम्ही शाई उगाळून द्या.