भिंतीचा वास, चुना आणि आपला यत्नाचार



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरले. पाणी ओसरले, गाळ काढला, फरशा घासल्या, पण भिंतींचा कुबट वास काही जाईना. दशलक्षण पर्व तोंडावर आलेले. मी बाटल्यामागून बाटल्या फिनाइल ओतले. दोन दिवस वास दबायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वासावर वास चढवून काय होतंय? आधी भिंत वाळू दे." तेव्हा मला रागच आला होता. पुढे प्लेगच्या साथीबद्दल वाचले आणि त्यांचे म्हणणे पटले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची वस्ती. कच्छी जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्याही तिथेच. घाणीतून आणि दुर्गंधीतून रोग उठतो, हा विचार तेव्हाही अनेकांच्या मनात घट्ट होता. मग गटारांत आणि घराघरांत कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, भिंतींना चुना मारला गेला, जमिनी उकरल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली. १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आला. पुण्यात घरझडतीने लोक इतके संतापले की जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही त्याच वर्षी.

एवढे करूनही साथ हटली नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील कामाने ते पक्के झाले. म्हणजे वास मारला, पण मूळ तसेच राहिले. माझ्या भिंतीचेही हेच झाले होते.

कार्बोलिक ॲसिड १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून प्रथम वेगळे केले गेले. आपले काळे फिनाइल त्याच डांबराच्या घराण्यातले. पाण्यात टाकले की दुधासारखे पांढरे होते ते. त्याचा स्वतःचा वास इतका उग्र की बाकीचे वास त्याखाली झाकले जातात. बुरशीला पोसणारी भिंतीतली ओल मात्र त्याने हटत नाही.

चुन्याचे काम वेगळे. ओला चुना तीव्र क्षारयुक्त असतो, त्यात बुरशीला थारा मिळत नाही. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. त्यातून ओल बाहेर पडू शकते. ऑइल पेंट दिला तर तीच ओल आत कोंडते आणि थोड्याच दिवसांत पोपडे येतात.

चुन्यानेही सूक्ष्म जीव मरतात, हे नाकारायचे नाही. घर चालवताना होणाऱ्या अशा हिंसेला आपल्याकडे आरंभी हिंसा म्हणतात. श्रावक-श्राविकांना ती पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र करता येते. जीव उत्पन्न झाल्यावर मारण्यापेक्षा जीवोत्पत्तीच होऊ न देणे, हाच आपला यत्नाचार. पीठ ताजे दळायचे, ओले-खरकटे रात्रभर ठेवायचे नाही, यामागेही हाच विचार आहे. कोरडे घर हा त्याचाच भाग.

शेवटी आम्ही फुगलेला गिलावा खरवडला, दारे-खिडक्या उघड्या टाकल्या आणि चुन्याची घाई केली नाही. पर्व उघड्या भिंतींतच पार पडले. दिवाळीच्या आधी भिंत पुरती वाळली, तेव्हा चुन्याचे दोन हात दिले. वास गेला तो गेलाच.

फरशीबद्दलही सांगते. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड. त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड टाकले तर डागाबरोबर दगडही खातो, चकाकी जाते आणि पुढचे डाग आणखी खोल मुरतात. संगमरवराचे आणि मोझॅकचेही तसेच. तेलाच्या डागावर खडूची पूड पाण्यात कालवून जाड थापावी, वाळली की झाडून घ्यावी. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावे लागते. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुसलेले पाणी कुठे टाकायचे तेही पाहा. मुनिमहाराजांच्या पाच समित्यांत प्रतिष्ठापन समिती आहे. टाकायचे ते निर्जंतुक जागा पाहूनच टाकायचे. आपण श्राविका तेवढे काटेकोर राहू शकत नाही, पण फिनाइलची बादली मुंग्यांच्या वारुळाशी रिकामी करायची नाही, एवढे तर जमेल ना?

सासूबाई आता नाहीत. दर पावसाळ्यानंतर मी भिंतीला हात लावून पाहते. हाताला गार, ओलसर लागली की बाटली न उघडता आधी खिडकी उघडते.